शिसवाची मूठ

आमच्या घरमालकांकडे पाहुणे येत नसत, म्हणून ते रोज सकाळी स्वतःच स्वतःकडे पाहुणे जात. हे मी थट्टेने लिहीत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं लिहितेय.

माझी रोह्याच्या पोस्टात बदली झाली तेव्हा अष्टमीत, म्हणजे नदीच्या पलीकडे, त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या मला मिळाल्या. खाली ते एकटेच राहत. ओटीवर त्यांनी मोठ्या हॉटेलात असतो तसा उंच काउंटर बांधून घेतला होता आणि त्यावर एक चकचकीत कॉफीचं मशीन होतं. सकाळी सातला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते काउंटरमागे उभे राहत. बिया दळायच्या, दांडा असलेल्या जाळीच्या वाटीत पूड भरायची, ती वरून दाबून घट्ट करायची, वाटी मशीनला अडकवायची आणि खाली धरलेल्या बुटक्या कपात दोन घोट काळी कॉफी उतरवून घ्यायची. कप बशीत ठेवून तो अदबीने पुढे सरकवायचा. मग काउंटरला सावकाश वळसा घालून ते पलीकडच्या स्टुलावर येऊन बसत, तीच कॉफी पीत आणि आता रिकाम्या झालेल्या मागच्या जागेकडे पाहून म्हणत, "शुक्रिया."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जिन्यातच थबकले. लग्न मोडून नुकतीच बाहेर पडले होते, त्यात मालक वेडा निघाला तर पुन्हा घर शोधत फिरावं लागणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. त्यांनी मान वर केली आणि जराही न ओशाळता म्हणाले, "काय गो, उभी काय? ये, आज दोन करतंय."

कॉफी कडूजहर होती. माझं तोंड पाहून त्यांनी साखरेची बरणी काढून दिली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "घाल, पण मला बघवणार नाय." पुढे अडीच वर्षं मी रोज दोन चमचे साखर घातली आणि ते रोज भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी एकदा मुद्दाम पाच चमचे घातले तर पाठमोरेच म्हणाले, "आज भांडून आलीस काय कुणाशी?"

अख्खी आळी त्यांना चाचा म्हणायची, मीही म्हणू लागले. एकतीस वर्षं ते मस्कतला होते, एका मोठ्या हॉटेलात कॉफीच्या काउंटरवर. तिथून येताना इतर लोक घड्याळं नि सोनं आणतात, चाचांनी जुनं मशीन आणि एक ठाम मत आणलं. मत असं, की कॉफी चांगली होते ती बियांनी नाही, पाण्यानेही नाही, तर दाबण्याने. ज्याने ती पूड दाबतात त्याला टॅम्पर म्हणतात. खाली पोलादाची गोल चकती, वर मूठ. मला तो पहिल्यांदा सोऱ्याचा दट्ट्याच वाटला होता, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. चाचा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दाबायचं ते बरोबर पंधरा किलोच्या जोराने. त्यासाठी काउंटरखाली काट्याचा वजनकाटा ठेवलेला असे. रोज कॉफी करण्याआधी ते तो वर घेत, त्यावर टॅम्पर दाबत आणि काटा पंधरावर आला की मान हलवत. पूड कमी दाबली तर पाणी भसकन निघून जातं, जास्त दाबली तर अडून बसतं. हा नियम त्यांनी सगळ्या जगाला लावला होता. एकदा रजिस्टर पत्र टाकायला पोस्टात आले आणि माझा शिक्का मारण्याचा आवाज ऐकून सगळ्या रांगेदेखत म्हणाले, "बारा किलोचा मारतेस गो. एवढा नको. कागदाला लागतं."

मुलगा दोह्याला इंजिनिअर होता. बायको, दोन मुलं, मोठं घर, आणि बापाला घेऊन जायची मनापासून इच्छा. दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा आणि दर शुक्रवारी चाचा नाही म्हणायचे. एक दिवस मी जरा वैतागूनच विचारलं, की चाचा, इथे तुम्हाला काय ठेवलंय? रिकाम्या स्टुलाला कॉफी पाजत बसण्यापेक्षा नातवंडांत जाऊन का राहत नाही?

त्यांना राग आला नाही. कप पुसत पुसत त्यांनी सांगितलं. हे घर त्यांच्या बीबीने बांधून घेतलं होतं. तो मस्कतहून पैसे पाठवी आणि ती एकेक खिडकी बसवी, असं ते स्वतःविषयी तिसऱ्याच माणसाबद्दल बोलावं तसं सांगत होते. दर दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी मिळायची. बाकी सगळा काळ ती इथे एकटी. मुलगाही शिकायला म्हणून लवकर बाहेर पडला. चाचा कायमचे परत यायला चार महिने उरले होते तेव्हा ती गेली.

"एकतीस वर्षं काढली गो तिनं इथं एकलीनं," ते म्हणाले. "माझी आता कुठं सात झाली."

"म्हणजे?"

"म्हंजे चोवीस बाकी हायत."

तेव्हा त्यांचं वय सत्तर. मी मनातल्या मनात बेरीज केली, ती चौऱ्याण्णववर गेली. मी हसणार होते, पण त्यांच्याकडे पाहून हसू आलं नाही. माणूस अगदी सरळ मनाने बोलत होता. तिने जेवढं एकटेपण सोसलं तेवढं आपण सोसायचं, त्याच भिंतींत, आणि मग तिच्याकडे जायचं. मला तर एकटेपणाचं एक-दीड वर्षही संपता संपत नव्हतं.

पुढच्या वर्षी चाचांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. सौम्य होतं. मी घरातच होते म्हणून वेळेवर दवाखान्यात नेता आलं. महिन्याभरात पाय आला, बोलणं आलं, उजवा हातही बराचसा आला, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटेना. परत आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी वजनकाटा काढला. जुना टॅम्पर धरून दाबला. काटा सहावर जाऊन थरथरत राहिला. डाव्या हाताने करा, मी म्हटलं. त्यांनी टॅम्पर काउंटरवर ठेवून दिला. "डाव्या हातानं कोण पाव्हन्याला देतं काय?"

मुलगा येऊन गेला होता, त्याला कामावर परतावं लागलं. जाताना त्याने निक्षून सांगितलं, की आता एकटं राहायचं नाही. चाचांनी ऐकलं नाही. शेवटी बापलेकांत तडजोड झाली. तीन महिन्यांनी मुलगा पुन्हा येईल. त्या दिवशी अब्बांनी त्याला आपल्या हाताने, कुणाची मदत न घेता, पूर्वीसारखी कॉफी करून द्यावी. जमली तर तो पुन्हा कधी विषय काढणार नाही. नाही जमली तर अब्बांनी त्याच्याबरोबर निघायचं. मला ती पोरकट पैज वाटली, पण चाचांनी ती फार गंभीरपणे घेतली. आठ वर्षं झाली होती आणि पुढची सगळी त्या एका कपावर येऊन थांबली होती.

त्यांचं म्हणणं असं, की जोर आहे, फक्त मूठ हातात बसत नाही. हाताला बसणारी मूठ मिळाली की जोर आपोआप खाली उतरेल. मग पार्सलं यायला लागली. कुठलं अख्खं पोलादाचं, कुठलं लाल काचेसारख्या मुठीचं, एकात तर स्प्रिंग होती. चाचा प्रत्येक टॅम्पर दिवसभर हातात घेऊन हिंडत. बाजारात मासे घ्यायलाही तो हातातच. कोळीण म्हणाली, "काय चाचा, बत्ता घेऊन कुठं निघालाव?" चाचा म्हणाले, कॉफीचा हाय. "मंग बोंबील कशात नेनार? हात तर भरलाय." सगळा बाजार हसला, चाचाही हसले. संध्याकाळी ते पार्सल पुन्हा बांधून माझ्याकडे देत. "परत पाठव. दुसऱ्या कुणाच्या हाताचा हाय."

काटा नऊपर्यंत आला होता. दीड महिना उरला होता. तेव्हा मलाच सुचलं आणि अजूनही वाटतं, की सुचलं नसतं तर बरं झालं असतं.

माझं माहेर पेणचं, रामवाडीतलं. मामाचा जवळच जोहे गावात गणपतीचा कारखाना. लहानपणी शाळेला सुट्टी लागली की आम्ही मुलं तिथेच पडीक असायचो. मी म्हटलं, चाचा, तुमच्या मुठीचा शाडूत ठसा घेऊ आणि पेणच्या कातारी काकांकडून तश्शी मूठ कातून घेऊ. चाचा इतके खूश झाले, की त्या दिवशी साखर घालताना भिंतीकडे वळायचंही विसरले.

एका रविवारी आम्ही रोह्याहून एसटीने पेणला गेलो आणि तिथून जोह्याला. अर्ध्या रंगवलेल्या गणपतींच्या रांगांमधून चाचा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात अंग चोरून चालले होते. मामाने शाडूचा गोळा मळून त्यांच्या हातात दिला. चाचांनी डोळे मिटून तो धरला, कॉफी दाबताना धरतात तसा, आणि कोपर उचलून खाली रेटला. मामा त्यांच्या मिटत नसलेल्या बोटांकडे बघत राहिला.

"पन्नास वर्षं हात करतंय मी," मामा म्हणाला. "आधी हात, मागाहून त्यात परशू. हातावरनं परशूचं माप घ्यायची येळ आज पयली."

"माझा परशू कॉफीचा हाय," चाचा म्हणाले. मामाला काही कळलं नाही, पण त्याने चहा मागवला. चाचांनी तो चहा मुकाट्याने घेतला, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण त्यांना चहा पिताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

परतताना कातारी काकांकडे थांबलो. कातारी म्हणजे लाकूड यंत्रावर फिरवून गोल कातणारा. या काकांनी आयुष्यभर पलंगांचे पाय आणि लाटणी केली होती. त्यांनी सागाचा, फणसाचा, खैराचा असे तुकडे पुढे टाकले. चाचांनी एकेक तुकडा उचलला, तळहातावर तोलला, नाकाशी नेला, कानाशी नेऊन नखाने वाजवला. फणस हलका म्हणून बाजूला. खैर बराच वेळ हातात राहिला, मग तोही गेला. शेवटी कोपऱ्यातला एक काळपट तुकडा त्यांनी स्वतःच उचलला.

"शिसव हाय," काका म्हणाले. "जुन्या पलंगाचा पाय. जड लागंल तुम्हाला."

"जडच पायजे. हातात कमी हाय ते लाकडात असूं दे." मग त्यांनी विचारलं, "पलंग कुणाचा होता?"

"ते कुठं ठावं? भंगारात आला."

चाचा तो तुकडा कुरवाळत राहिले. एवढ्या वर्षांत कोण कोण झोपलं असेल, असं काहीतरी पुटपुटले. परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते आणि नागोठण्यापर्यंत हसऱ्या चेहऱ्याने बाहेर पाहत होते. मीही फार सुखात होते. कुणाच्या तरी उपयोगी पडण्याचं सुख मला खूप दिवसांनी मिळालं होतं.

चकती डोलवीजवळच्या एका लेथवाल्याने करून दिली, वाटीच्या मापाला अगदी चपखल. शाडूचा ठसा मामाने पद्धतीप्रमाणे सावलीत सुकत ठेवला. पुढच्या रविवारी जाऊन मी तो खणखणीत वाळलेला ठसा रुमालात गुंडाळून कातारी काकांना नेऊन दिला. "केसभरही कमी-जास्त नको," मी त्यांना बजावलं. त्यांनी मूठ आधी कातली आणि मग ठशावर बोट फिरवत फिरवत कानशीने बोटांच्या खाचा काढल्या. सुंदर झाली होती मूठ. तेल पाजल्यावर काळीभोर दिसत होती.

मुलगा यायच्या आदल्या दिवशी मी ती चाचांच्या हातात ठेवली. त्यांनी धरली. बोटं खाचांवरून दोनदा फिरवली. मग म्हणाले, "झकास." एवढंच म्हणाले आणि टॅम्पर काउंटरवर ठेवून दिला. वजनकाटा काढला नाही. ते माझ्या लक्षात आलं होतं. मी लक्ष दिलं नाही, कारण मला ते झकासच असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मलाही बोलावणं होतं. "तू पंच," चाचा म्हणाले. मुलगा स्टुलावर बसला होता, चाळिशीचा, थकलेला, चांगला माणूस. चाचांनी बिया दळल्या, पूड वाटीत भरली, बोटाने सारखी केली. टॅम्पर ठेवून कोपर उचललं आणि रेटलं. मूठ तळहातात फिरली. चकती तिरकी झाली आणि एका बाजूने पूड वर आली. त्यांनी वाटी ठोकून रिकामी केली, पुन्हा भरली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा भरताना त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी खाली बघत होते.

तेवढ्यात मुलगा उठला. काउंटरवरून पलीकडे वाकून त्याने आपला तळहात अब्बांच्या मुठीवर ठेवला आणि दाबला. "किती किलो, अब्बा?" त्याने हसत विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं. बापाची फजिती त्याला बघवली नाही, एवढंच. त्या घटकेला तो पैजही विसरला होता.

चाचांनी एक क्षण त्या दोन हातांकडे पाहिलं. "पंधरा," ते म्हणाले.

कॉफी उत्तम उतरली, वर सोनेरी फेस धरलेली. मुलाने ती पिऊन सांगितलं, की अब्बा, अगदी पूर्वीसारखी, तुम्हीच केलीत. चाचांनी मान डोलावली आणि काउंटर पुसायला घेतला. नंतर मुलगा त्याविषयी एक अक्षर बोलला नाही. दुपारी चाचांनी स्वतःच कपाटातून पासपोर्ट काढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

कप मी धुतले. टॅम्पर पुसायला हातात घेतला आणि तो माझ्या हातात असा बसला, जणू माप माझंच घेतलं होतं. करंगळीची खाचसुद्धा करंगळीखाली आली. माझा हात चाचांपेक्षा बराच लहान. मी तशीच नळाशी उभी राहिले आणि मग मला कळलं. शाडू वाळताना आकसते. हे मला कुणी सांगायला नको होतं, मी त्या मातीत खेळून वाढलेली. पण आमच्याकडे मूर्ती सुकून बोटभर बुटकी झाली तरी देव तो देवच असतो, माप घेऊन कुणी बघत नाही. त्यामुळे मामाला वाटलं नाही आणि मलाही वाटलं नाही. ओला ठसाच रुमालात नेला असता तर मूठ चाचांच्या हाताची झाली असती.

तरी पंधरा किलो भरले असते का? देव जाणे. दोन बोटं मिटत नव्हती हे खरंच होतं. पण हरायचं असतं तर त्यांनी स्वतःच्या हाताच्या मुठीने हरायला हवं होतं. मी त्यांना माझ्या हाताची मूठ देऊन हरवलं, हे माझ्या मनातून जात नाही.

दहा दिवसांत ते मुलाबरोबर निघून गेले. महिन्याभराने दोह्याहून फोन आला. पोस्टाची, कोळणीची, मामाची चौकशी झाली. मग मी धीर करून सगळं सांगितलं, शाडूचं, आकसण्याचं, माझ्या हातात बसलेल्या मुठीचं.

"हातात घेतली तेव्हाच कळलं गो मला," चाचा म्हणाले.

"मग बोलला का नाहीत? अजून एक दिवस होता. मी रजा टाकून पेणला पळत गेले असते."

"तुझं तोंड बघितलं. केवढी खूश होतीस. तेवढं मोडायला हात धजला नाय."

मला रडू आलं ते मी त्यांना कळू दिलं नाही. विषय बदलायचा म्हणून विचारलं, कॉफी करता का तिकडे? ते म्हणाले, सुनेकडे मशीन आहे, पण त्यात दाबायचं काही नसतं. बटण आहे. बटण दाबलं की कॉफी येते, धाकटा नातूसुद्धा करतो. मागून मुलांचा दंगा ऐकू येत होता. कुणीतरी "दादाजान, चला ना" म्हणून ओढत असावं, कारण त्यांचा आवाज मध्येच दूर जाऊन पुन्हा जवळ आला.

"करमतं का, चाचा?" मी विचारलं.

त्यांनी मुलांना काहीतरी सांगितलं, मग दार लागल्याचा आवाज आला.

"करमतं गो," ते म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. "लय करमतं. आठच वर्षं झाली माझी. तिला जाऊन काय सांगू?"